६००० मीटर खाली माणूस कशाला?

उंटावरचा शहाणा
'मत्स्य ६०००'च्या बातम्यांनी सगळे हुरळलेत, तेव्हा वाईटपणा मीच घेतो. चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था (एनआयओटी) तिघांना घेऊन ६००० मीटर खोल जाणारं यान बांधतेय. टायटॅनियमचा गोळा, भिंत ८० मिमी जाड, आतला व्यास २.१ मीटर. त्यात तिघांनी अवघडून १२ तास काढायचे. बाहेर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ६०० किलो भार, म्हणजे अंगठ्याच्या नखावर अख्खी म्हैस उभी!

याच संस्थेचं रोसब ६००० हे विनामानव यान २०१० मध्ये ५२८९ मीटरपर्यंत जाऊन आलंय. केबलला बांधलेलं, वर जहाजावर चहा पीत चालवायचं. मग माणूस कशाला? फोटोपुरता?

दोनापावला
असहमत. १९७७ साली प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांजवळ अमेरिकेचं माणसं नेणारं आल्विन यान अडीच हजार मीटरवर उतरलं, तेव्हा समुद्रतळातल्या उष्ण झऱ्यांभोवती शिंपले आणि नळीसारखे लांबलचक किडे सापडले. सूर्यप्रकाशाचा टिपूस नाही आणि वस्ती अशी गजबजलेली. मोहीम भूशास्त्रज्ञांची. जहाजावर जीवशास्त्रज्ञ एकही नाही, नमुने टिकवायचं फॉर्मलिन नावापुरतं, म्हणून काही नमुने चक्क व्होडकात बुडवून आणले. यंत्र सांगितलेलं काम करून परत आलं असतं.

उंटावरचा शहाणा
अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याआधी अँगस नावाचा कॅमेऱ्यांचा सांगाडा जहाजामागे तळाजवळून ओढत नेला होता. तापमान क्षणभर चढल्याची नोंद त्याची, शिंपल्यांचे पहिले फोटोही त्याचेच. आल्विन नंतर उतरलं. मग शोध कुणाचा?

दोनापावला
मान्य, वास आधी अँगसला लागला. पण सुमारे ३००० फोटोंपैकी १३ मध्येच शिंपले होते. नेमकं कुठलं पाणी भरून घ्यायचं हे खिडकीला नाक लावून बसलेल्यांनी ठरवलं. वर आणून बाटली उघडली तर सडक्या अंड्यांचा वास, हायड्रोजन सल्फाइड! इथले जीव गंधकाच्या संयुगांवर जगणाऱ्या जिवाणूंच्या आधाराने तगतात, हा धागा तिथून हाती लागला.

वेल्डर
माझं काम दाबपात्रांचं, म्हणून दोन शब्द. आतून दाब असलेलं भांडं पुष्कळदा आधी गळतं, सावध करतं. बाहेरून दाब असेल तर चेपताना पळापळीलाही वेळ मिळत नाही. जून २०२३ मध्ये टायटन हे खोल समुद्रात जाणारं यान तसंच गेलं, आत पाच जण. कार्बन फायबरचं नळकांडं, दोन्ही टोकांना टायटॅनियम, आणि कुठल्याही वर्गीकरण संस्थेचं (जहाजं-यानं सुरक्षित आहेत का हे तपासणाऱ्या संस्थेचं) प्रमाणपत्र नाही. मत्स्यला त्याच माळेत ओवू नका. गोळ्यावर दाब चहूबाजूंनी सारखा वाटला जातो. दोन अर्धगोल इस्रोत इलेक्ट्रॉन बीमने जोडलेत. एवढ्या जाड टायटॅनियमचा जोड म्हणजे काय, हे ज्याने वेल्डिंगचा चष्मा लावलाय त्यालाच कळेल. बाकी, झोप उडवणारी जागाही तीच.

उंटावरचा शहाणा
वेल्डरसाहेब, गोळा टिकेल हो. पण यान खाली अडकलं तर? आणीबाणीसाठी ९६ तासांची सोय आहे म्हणतात. १९७३ मध्ये आयर्लंडजवळ पायसेस ३ हे माणसं नेणारं यान जेमतेम ४८० मीटरवर अडकलं. दोघांना वर काढायला तीन दिवसांहून जास्त लागले, प्राणवायू उरला होता १२ मिनिटांचा. ६००० मीटरवर कोण जाणार? २००३ मध्ये जपानच्या कायको या विनामानव यानाची केबल तुटली आणि ते हरवलं. हळहळ झाली, पण कुणाच्या घरी सुतक आलं नाही.

दोनापावला
हा मुद्दा बोचरा आहे, उत्तर नाही माझ्याकडे. पण आपण खाली जातोय कशासाठी तेही बघा. २६ जानेवारी १९८१ ला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने हिंदी महासागराच्या तळातून बटाट्याएवढे काळे गोळे वर काढले. त्यात मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट. (हो, तेव्हाही माणूस खाली गेला नव्हता. शहाणे, हसू नका.) आज मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचा पट्टा शोधकामासाठी आपल्याकडे आहे. उद्या तिथे खाणकामाचा नांगर फिरवायची वेळ आली, तर शेत आधी कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं बरं. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर काय चिरडलं जातंय ते चौकटीत दिसत नाही.

उंटावरचा शहाणा
पाहून नांगर थांबणार असेल तर मी स्वतः तिकीट काढून देतो. थांबेल?

नुसती वाचक
ऑगस्ट २०२५ मध्ये आपले दोघे फ्रान्सच्या नॉतील यानातून अटलांटिकमध्ये उतरले, एक ४०२५ मीटर, दुसरा ५००२. म्हणजे सराव सुरू झालाय. मला वेगळीच शंका आहे. तिघं, १२ तास, २.१ मीटरचा गोळा. आणि लागली तर?

दोनापावला
आल्विनमध्ये बाटली असते. आदल्या रात्रीपासून चहा-पाणी बेताने. वर लोकरी टोपी, कारण तळाशी पाणी दोन-तीन अंशांचं आणि गोळा हळूहळू गार पडत जातो.

उंटावरचा शहाणा
रोसबला बाटली लागत नाही, एवढं नोंदवून ठेवतो.