सबटायटलात हरवलेलं 'यो'

'सगळ्या कोरियन मालिकांत तोच श्रीमंत हीरो, तीच छत्री, आणि हात धरायला आठ भाग' हे वर कुणीतरी लिहिलंय ते निम्मं पटलं. छत्रीचा मलाही वीट आलाय. पण त्या आठ भागांत काहीच घडत नाही असं नाही, ते इंग्रजी सबटायटलात दिसत नाही इतकंच. कोरियनमध्ये आपल्या तू-तुम्हीसारखी भानगड आहे. आदराने बोलताना वाक्याच्या शेवटी बऱ्याचदा 'यो' येतं. जवळीक झाली की ते गळतं. 'मोगोस्सोयो' म्हणजे जेवलात का, 'मोगोस्सो' म्हणजे जेवलास का. सबटायटल दोन्हीकडे एकच! मला हे कळल्यापासून मी कान 'यो'वरच लावून बसते. आपल्याकडे 'अहो'चं 'अरे' होतं तो क्षण आठवा, तेवढंच मोठं आहे ते.

'माय मिस्टर' या कोरियन मालिकेचंही (2018, 16 भाग) तेच. मूळ नावात 'आजोशी' आहे, म्हणजे आपण अनोळखी माणसाला 'काका' म्हणतो तसं. मालिकेतली मुलगी फोनवर चोरून या 'काका'चं, म्हणजे नायकाचं, चालणं, धापा टाकणं ऐकत राहते. 'मिस्टर'मध्ये तो 'काका' कुठे उतरतो? आणि हो, त्यात श्रीमंत हीरो नाही, इमारतींची तपासणी करणारा दमलेला इंजिनिअर आहे.