रांग टाळायला धडधाकट माणसानं व्हीलचेअर मागावी का?

शनिवारपेठी
आई-बाबा पुढच्या महिन्यात मुंबईहून जर्मनीत विमान बदलून रोमला बहिणीकडे निघालेत. मध्ये दीडच तास. शेंगेनचं (युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांचं) इमिग्रेशन पहिल्या विमानतळावर, म्हणजे जर्मनीतच. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस (ये-जा नोंदवणारी युरोपची नवी संगणकी यंत्रणा) टप्प्याटप्प्यानं लागू झाल्यावर शिक्का जाऊन फोटो आणि ठशांची तपासणी आली, तिथे वेळ जातो. ओळखीतले सगळे म्हणतात, "व्हीलचेअर टाक, थेट पुढे नेतात." बाबा ७४ वर्षांचे, रोज पर्वती चढतात. मला हे अजिबात पटत नाही. तुमचं मत सांगा.

खंबाटकी
बिनधास्त टाका. युरोपच्या ११०७/२००६ नियमात वयामुळे हालचाल मंदावलेलेही धरलेत. मदत फुकट असते, ४८ तास आधी कळवायचं. माझ्या आईला मराठीशिवाय काही येत नाही. गेल्या वर्षी एकटी निघाली, ऐनवेळी गेट बदललं. खुर्ची ढकलणाऱ्या मुलानं बोर्डाकडे बोट दाखवून तिचा पास तपासला आणि नव्या गेटवर नेऊन बसवलं. तो नसता तर ती जुन्याच गेटवर बसून राहिली असती.

ऱ्हाईनकाठी
तीव्र असहमत. पर्वती चढणारा माणूस त्या नियमात कसा बसेल? माझ्या बायकोला पाऊलही टाकता येत नाही. मागच्या हिवाळ्यात विमान रिकामं झालं, सफाईवाले आत आले, तरी आम्ही सीटवरच. पन्नास मिनिटं. माणसं कमी, खुर्च्यांची मागणी प्रचंड. तिला बाथरूमला जायचं होतं आणि ती माझा हात घट्ट धरून बसली होती. नंतर सामानाच्या पट्ट्यावर पाहिलं, तर आमच्या आधी खुर्चीतून गेलेले तिघं उठून जड बॅगा स्वतः उचलत होते. तेव्हापासून या विषयावर मी गप्प बसत नाही.

कोकणकडा
मूळ दुखणं दीड तासाचं आहे. खुर्चीनंही वेळ वाचेलच असं नाही, कधी चार-पाच जण जमेपर्यंत थांबवतात. एकाच तिकिटावर मधला वेळ तीन-साडेतीन तासांचा घ्या. एकच तिकीट असलं की कनेक्शन चुकल्यावर पुढची सोय साधारणपणे कंपनीच करते, दोन वेगळी काढली तर कुणी विचारत नाही. शिवाय कंपनी युरोपीय असेल आणि तिच्याच चुकीनं रोमला तीन तासांहून उशीर झाला, तर युरोपच्या भरपाईच्या २६१/२००४ नियमाखाली माणशी ६०० युरोपर्यंत मागता येतात. पासपोर्टच्या रांगेमुळे चुकलं तर मात्र हे पैसे धरून चालू नका. आणि व्हिसाला दिलेले ठसेच तिथे पडताळतात. वयस्कांची बोटं कोरडी असतात, उतरण्याआधी थोडं क्रीम लावायला सांगा.

खंबाटकी
ऱ्हाईनकाठी, वाचून वाईट वाटलं. पण भाषा न येणाऱ्या म्हातारीनं काय करायचं?

ऱ्हाईनकाठी
काही कंपन्यांत 'मीट अँड असिस्ट' असतं. सोबत माणूस येतो, खुर्ची लागत नाही. आधी ते विचारा.

शनिवारपेठी
तिकीट बदललं. आता मध्ये तीन तास चाळीस मिनिटं आहेत, फरकाचे पैसे गेले. व्हीलचेअर टाकलेली नाही. मीट अँड असिस्टसाठी उद्या फोन करते.

खंबाटकी
मीही विचारून बघेन. पण नाही मिळालं, तर आईसाठी पुन्हा खुर्चीच टाकणार. तिचे गुडघेही आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत.