ऑनलाइन लिलावातली खरेदी-विक्री : तुमचे अनुभव लिहा

शाईची दौत

मंडळी, मी बरीच वर्षं जुनी फाउंटन पेनं ऑनलाइन लिलावात घेतोय, अधूनमधून विकतो पण. परवा एका मित्राने पहिल्यांदाच बोली लावली आणि हरल्यावर रात्री फोन केला, आवाज अगदी पडलेला, तेव्हाच ठरवलं की यावर धागा काढायचा. काय मिळालं, काय हातचं गेलं, कुठे फसलात सगळं लिहा, फक्त वस्तू काय होती आणि गडबड नेमकी कुठे झाली ते लिहा, नुसतं "जपून घ्या" याचा नवीन माणसाला काही उपयोग होत नाही.

माझ्यापासून सुरुवात करतो. पार्कर ५१ हवं होतं. हे पेन १९४१ ला बाजारात आलं, सुरुवातीच्या पेनांमध्ये व्हॅक्युमॅटिक फिलर (शाई भरायची यंत्रणा) असायचा, म्हणजे आत एक रबराचा डायफ्राम, पातळ पडदा, आणि तो इतक्या वर्षांत सडतो. १९४८ पासून एअरोमेट्रिक आलं, त्याची पारदर्शक पिशवी बऱ्याच पेनांत आजही मस्त शाई ओढते. हे सगळं मला माहीत होतं बरं का. पण लिस्टिंगमध्ये चारही फोटो टोपण लावलेले, फिलर कुठेच दिसत नव्हता, आणि मी एका शब्दाने विचारलं नाही कारण लिलाव संपायला थोडाच वेळ उरला होता आणि समोरचा सारखा वर जात होता. शेवटच्या दोन मिनिटांत मी तीनदा आकडा वाढवला. पेन आलं, मागचं टोक उघडलं तर डायफ्रामचा काळा चिकट चुरा बोटांना लागला. सेलरने वर्णनात "दिसायला सुंदर" लिहिलं होतं आणि ते खरंच होतं, तक्रार कशाची करणार!

तेव्हापासून फिलरचा फोटो आणि निबच्या टोकाचा जवळून फोटो मागतो. ५१ चं निब झाकलेलं असतं, दिसतं ते इवलंसं टोक, ते एका बाजूने घासलेलं असेल तर लिहिताना कागद खरवडतं. ज्याला खरंच विकायचंय तो फोटो पाठवतो. उत्तरच आलं नाही तर मी बोली लावत नाही, पेन कितीही आवडलेलं असो.

शेवटची घंटा

दौत, तुमचं डायफ्रामने कमी आणि त्या तीन वाढीव बोल्यांनी जास्त नुकसान केलं असं मला वाटतं. बऱ्याच साइटवर प्रॉक्सी बिडिंग असतं, तुम्ही तुमचा कमाल आकडा टाकायचा, सिस्टिम तुमच्या वतीने लागेल तेवढंच वर जाते आणि जिंकलात तर दोन नंबरच्या बोलीपेक्षा एक पायरी जास्त द्यावे लागतात. विल्यम विकरी (Vickrey) या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या किमतीचा लिलाव मांडला तो याच जातीचा, त्यात आपला खरा आकडा सरळ सांगून टाकणं हेच फायद्याचं. मी सकाळी शांत डोक्याने आकडा ठरवतो, कागदावर लिहितो, शेवटच्या पाच-सहा सेकंदांत टाकतो.

लोक म्हणतात शेवटच्या क्षणी टाकणं हा रडीचा डाव आहे. मला नाही पटत. रॉथ आणि ओकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं होतं की ईबेवर, जिथे घड्याळ ठरलेल्या सेकंदाला थांबतं, तिथे उशिरा येणाऱ्या बोल्या खूप जास्त, आणि अ‍ॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावात शेवटी बोली आली की वेळ पुढे सरकायची, दहा मिनिटं कुणीच बोललं नाही तरच लिलाव संपायचा, तिथे हे प्रमाण बरंच कमी. नियम तसे म्हणून लोक तसे वागतात. लवकर बोली लावली की समोरच्याला विचार करायला वेळ मिळतो, आणि विचार करणारा माणूस वाढवतोच.

बुरशी

कॅमेऱ्याची लेन्स. "टेस्ट केलेली नाही" असं लिहिलेली. याचा अर्थ नव्वद टक्के वेळा "टेस्ट केली, चालत नाही" असा धरा, हे मी पैसे घालवून शिकले. घरी मागच्या बाजूने टॉर्च मारला तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे, म्हणजे बुरशी, कडेपासून मध्यापर्यंत पसरलेले. फोटोत लेन्स समोरून, खिडकीच्या उजेडात काढलेली होती, त्यात ते दिसूच शकत नाहीत.

पण याच लिलावांनी मला माझी सगळ्यात लाडकी लेन्स पण दिलीये. सेलरने मॉडेलचं स्पेलिंग चुकवलं होतं त्यामुळे कुणाच्या सर्चमध्ये ती आलीच नाही, माझी एकटीची बोली. आजही चुकीची स्पेलिंगं टाकून शोधते मी, रोज रात्री दहा मिनिटं.

पार्सलवाला

विकणाऱ्यांची पण बाजू ऐका. कॅमेरा बॉडी विकली, चालू, स्वच्छ. आठ दिवसांनी "शटर अडकतंय" म्हणून रिटर्न आली, खोक्यात त्याच मॉडेलची दुसरीच बॉडी! माझ्या बॉडीवर पट्ट्याच्या कडीजवळ एक ओरखडा होता, हिच्यावर नव्हता. पण मी सिरियल नंबरचा फोटो काढला नव्हता, साइटने पुरावा मागितला, माझ्याकडे ओरखड्याची नुसती आठवण. गेली ती गेली. महिनाभर झोपेतून उठून तोच विचार यायचा, खरं सांगतो.

आता नंबर लिस्टिंगच्या फोटोतच असतो, पॅकिंगचा एकसलग व्हिडिओ करतो, नंबरपासून लेबल चिकटवेपर्यंत, मध्ये कट नाही. दोनदा कामाला आलाय.

निळी पेटी

मी बोली हरले आणि दुसऱ्या दिवशी ईमेल आला की जिंकणाऱ्याने माघार घेतली, तुमच्या आकड्याला वस्तू तुमची, पैसे थेट बँक खात्यात भरा. हरल्याचं वाईट वाटत होतं ना, तेव्हा असा ईमेल देवासारखा वाटतो. भरले. वस्तू आली नाही, खातं बंद, आणि साइट म्हणाली व्यवहार आमच्याकडे नोंदलेलाच नाही. खरी संधी असेल तर ती तुमच्या अकाउंटच्या आत दिसते आणि पैसेही तिथूनच भरायचे असतात, हे कुणीतरी मला आधी सांगायला हवं होतं म्हणून इथे लिहितेय.

शेवटची घंटा

निळी पेटी, वाईट वाटलं वाचून. बँकेला ताबडतोब कळवलं होतंत का? पैसे पुढे सरकायच्या आत कधीकधी अडवता येतात, पण तो वेळ फार थोडा असतो.

अजून एक, खोट्या बोल्या. सेलर स्वतःच किंवा त्याची माणसं दुसऱ्या नावाने बोली चढवतात. २००० साली ईबेवर रिचर्ड डीबेनकॉर्न या अमेरिकन चित्रकाराचं वाटावं असं एक चित्र सव्वा लाखाहून जास्त डॉलरवर गेलं आणि नंतर कळलं की विकणाऱ्यानेच त्यावर बोली लावली होती, विक्री रद्द झाली. बोल्यांचा इतिहास उघडून बघा, नवंकोरं अकाउंट, एकाच सेलरच्या वस्तूंवर बोल्या आणि जिंकत मात्र कधीच नाही, असं दिसलं की मी बाजूला होतो.

एक्केचाळिसावं पान

ईबे १९९५ ला सुरू झालं तेव्हा तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर होता, १४.८३ डॉलरला, आणि घेणाऱ्याने सांगितलं की मी बिघडलेलेच पॉइंटर जमवतो. बाबा गेल्यावर त्यांच्या पोस्टाच्या तिकिटांचे अल्बम विकायला काढले तेव्हा मला हे सारखं आठवायचं. एकगठ्ठा द्यायचे की सुटे, यावर घरात बरीच चर्चा झाली, मी सुटे काढले, चार महिने दर रविवारी. कडेचे दाते किती, मागचा गोंद मूळचा की नवा लावलेला, कोपरा दुमडलाय का, सगळं लिहायचे. दुमडलेल्या कोपऱ्याचा फोटो सगळ्यात मोठा टाकायचे.

एका गृहस्थांनी एकच तिकीट घेतलं, फारसं महाग नाही. पंधरा दिवसांनी त्यांचा मेसेज आला, सोबत अल्बमच्या पानाचा फोटो. सगळ्या रांगा भरलेल्या आणि मधोमध बाबांचं तिकीट. खाली लिहिलं होतं की ही जागा एकोणीस वर्षं रिकामी होती.

शाईची दौत

एक्केचाळिसावं पान, गोंद मूळचा आहे हे तुम्ही कसं ओळखायचात ते जरा सविस्तर लिहाल का? माझ्याकडे काकांची दोन पाकिटं पडून आहेत, अजून उघडलेली नाहीत.