मातृदिनाला मंडळीत नेमकं काय करावं?

नगरची_लेक:
सर्वांना सलाम. आमची मंडळी, म्हणजे चर्च, नगर जिल्ह्यातली, ऐंशीएक माणसं. मेच्या दुसऱ्या रविवारी मातृदिनाची उपासना असते, दरवर्षी तेच, संडे स्कूलची पोरं गाणं म्हणतात, बायबलमधला नीतिसूत्रे ३१ हा अध्याय वाचतात, आयांना एकेक गुलाब आणि मग प्रीतिभोजन. मागच्या वर्षी गुलाब मी वाटत होते, सहा उरले, म्हणून मागं बघायला गेले तर सहा जणी पत्र्याच्या शेडमधे, वरून मेचं ऊन, दोन चुली पेटलेल्या, आणि माझी आई वाकून पातेल्यातला रस्सा हलवतेय, पदरानं घाम पुसतेय. गुलाब पुढं केला तर म्हणाली, ठेव तिकडं, हात खरकटे आहेत. कोथिंबिरीच्या पाटीत ठेवला, जेवणं उरकेपर्यंत पार कोमेजला. तेव्हापासून मनातून जात नाही. यंदा कार्यक्रम तरुण संघाकडं आहे, काय करावं सांगा ना.

पुणे_कॅम्प:
ताई, हा दिवस सुरू कसा झाला ते उपासनेत सांगा. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टनच्या मेथडिस्ट चर्चमधे १० मे १९०८ ला अ‍ॅना जार्विसने आईच्या आठवणीत पहिली उपासना ठेवली, पांढरी कार्नेशनची फुलं पाठवली, आईचं आवडतं फूल ते. फूल सगळ्यांना माहीत असतं, पण आईचं काम कोणी सांगत नाही. तिची आई अ‍ॅन त्याच चर्चमधे संडे स्कूल शिकवायची, स्वतःची बरीच लेकरं लहानपणीच गेलेली, तरी १८५८ पासून तिनं गावोगावच्या बायांचे गट केले, आजाऱ्यांना औषध, स्वच्छता, क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या आईच्या घरी कामाला बाई लावून द्यायची. पुढे यादवी युद्धात दोन्ही बाजूंच्या सैनिकांची शुश्रूषा केली. म्हणजे मुळात ही सेवाच होती, आणि तुमच्या शेडमधल्या सहा जणी तेच करतायत, फक्त यंदा त्यांच्या हातचं काम दुसऱ्यानं घ्यायचं.

जुना_संडेस्कूलवाला:
थोडं वेगळं मत, रागावू नका. आमच्याकडे पुरुषांनी एकदा हौसेनं स्वयंपाक घेतला, कोणाला विचारलं नाही, आणि महिला मंडळाच्या म्हाताऱ्या बाया दुखावल्या. रांधून वाढणं हीच त्यांची देवाला वाहिलेली सेवा, तीस तीस वर्षं केलेली. म्हणून आधी आईला विचारा की तुला काय हवंय. माझ्या आईला विचारलं तर ती म्हणाली, एकदा तरी पहिल्या बाकावर बसून सगळा संदेश ऐकायचाय, मधेच उठून चुलीकडं न जाता.

केडगावची_सून:
वाचून डोळे भरले. आमच्या भागात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, त्यांना लहानपणी संस्कृत शिकवलं, त्या काळात मुलीला. आईवडील दुष्काळात गेले. १८८७ च्या इंग्रजी पुस्तकाची अर्पणपत्रिका रमाबाईंनी आईच्या नावे लिहिली, पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत, पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी पोरींना आणि विधवांना गोळा करून केडगावला आणलं, आणि ज्यांना कोणी नाही अशा कितीतरी पोरींची आई झाल्या. मला वाटतं आईचं ऋण असं पुढं द्यायचं असतं. गुलाब वाटताना मूलबाळ नसलेल्या बाया मान खाली घालून बसतात तेही बघा, त्यांना वगळू नका.

वसईकर:
आमच्याकडे पॅरिशमधे अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी कम्युनियन, म्हणजे उपासनेतली पवित्र भाकर, नेतात. तुम्ही जेवणाचा डबा आणि दोन माणसं पाठवा, नुसता डबा ठेवून येऊ नका, बसा, नखं कापून द्या, केस विंचरा. अजून एक, बायबलमधला मार्क ७ वाचा, देवाला वाहिलं म्हणून आईबापाला काही न देणाऱ्यांना येशू काय बोलतो ते. मी तरुण असताना रोज संध्याकाळी प्रार्थनेला, आणि आई एकटी टँकरच्या रांगेत दोन हंडे घेऊन. तो अध्याय वाचला त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशीपासून आधी हंडे, मग प्रार्थना. आई गेली, पण ती चार वर्षं मला मिळाली याबद्दल देवाचे आभार मानतो.

नगरची_लेक:
सर्वांचे मनापासून आभार. काल आईला विचारलं. आधी म्हणाली काही नको, मग हळूच म्हणाली, रस्सा तुम्ही करा पण मीठ मी बघेन. पाळकसाहेबांनाही सांगितलंय. आठ मुलं तयार आहेत, शनिवारी रात्री कांदा चिरायचा, रविवारी पहाटे चूल. तीन आज्या येऊ शकत नाहीत, त्यांच्याकडे उपासनेनंतर दोघी दोघी जातील. आता एवढंच सांगा, ऐंशी माणसांना तांदूळ किती लागतील?

जुना_संडेस्कूलवाला:
सोबत चपाती असेल तर आठ किलो बास, नुसता भात असेल तर दहा घ्या. आणि मीठ आईलाच बघू द्या.