शब्दचर्चा : ‘जनुकसुधारित’ या शब्दातील ‘सुधारित’

प्रश्न

नमस्कार. अन्नपदार्थांमधील जनुकीय अभियांत्रिकी या विषयावरचा एक दीर्घ मजकूर सध्या मी संपादनासाठी तपासत आहे. त्यात ‘जनुकसुधारित’, ‘जनुकीय परिवर्तित’, ‘पारजनुकीय’, ‘जनुकसंपादित’ आणि नुसते ‘जीएम’ (म्हणजे इंग्रजीतील ‘जेनेटिकली मॉडिफाइड’) असे पाच शब्द आलटून पालटून आले आहेत. एकच शब्द पुन्हापुन्हा येऊ नये म्हणून लेखकाने ही काळजी घेतली असावी; परंतु येथे शब्द बदलला की वस्तूही बदलते, अशी मला शंका आहे. त्याहून अधिक मला ‘सुधारित’ हे पद खटकते. या अन्नाचे फायदे आणि धोके यांवर ज्या मजकुरात चर्चा करायची आहे, त्याच्या शीर्षकातच ‘सुधारणा झाली’ असे सांगून टाकले, तर चर्चेला उरते काय? हे शब्द समानार्थी मानावेत का, आणि ‘मॉडिफाइड’साठी ‘सुधारित’ योग्य आहे का, याविषयी जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद १

आपल्या दोन्ही शंका रास्त आहेत. मी काही वर्षे विज्ञानविषयक भाषांतरे तपासण्याचे काम केले आहे आणि या शब्दांपाशी दर वेळी अडखळलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आरंभ ‘जनुक’ या शब्दापासून, म्हणजे आनुवंशिक गुण ठरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याच्या नावापासून करावा लागेल. डॅनिश शास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यांनी 1909 मध्ये ‘जीन’ ही संज्ञा रूढ केली. तिच्यामागचे ग्रीक मूळ आणि आपला ‘जन्’ हा धातू एकाच भाषाकुळातले, त्यामुळे ‘जनुक’ हा प्रतिशब्द अर्थाने आणि नादाने दोन्हींकडून चपखल बसला. अडचण शब्दाची नाही, वापराची आहे. ‘या टोमॅटोत जनुके आहेत’ अशी वाक्ये मी छापील मजकुरात वाचली आहेत, आणि ती वाचून जनुक म्हणजे बाहेरून मिसळलेला एखादा रंग किंवा रसायन असावे असा समज होतो. वास्तविक प्रत्येक फळात, धान्यात आणि मांसात जनुके असतातच. आपण ती रोज खातो आणि पचवतो. म्हणून वाक्यात ‘कोणते जनुक’ आणि ‘कोठून आलेले’ हे आले नाही, तर ते वाक्य काहीच सांगत नाही.

‘अभियांत्रिकी’ या शब्दात ‘यंत्र’ आहे, आणि तेही वाचकाची थोडी दिशाभूल करते. यंत्राचा सुटा भाग काढून दुसरा बसवावा तसे हे काम होत नाही. अॅग्रोबॅक्टेरियम हा मातीतील जिवाणू आपल्या डीएनएचा एक तुकडा वनस्पतीच्या पेशीत घालतो आणि तेथे गाठ निर्माण करतो, हे 1977 मध्ये सिद्ध झाले. त्याच्या याच अंगभूत क्षमतेचा उपयोग करून 1983 मध्ये वनस्पतींच्या पेशींत बाहेरचे जनुक पोहोचवण्यात यश आले. मात्र या रीतीने घातलेले जनुक गुणसूत्रावर नेमके कोठे रुजेल, हे ठरवता येत नाही. त्यामुळे पुष्कळ रोपे तयार करून त्यांतून योग्य ते निवडावे लागते. एका ठिकाणी एकदा रुजलेल्या जनुकाला आणि त्या एका पेशीपासून वाढलेल्या सगळ्या संततीला या क्षेत्रात ‘इव्हेंट’ म्हणतात, आणि सुरक्षिततेची तपासणी व मान्यता बहुधा त्या इव्हेंटनिहाय होते. याचे भाषांतर सर्रास ‘घटना’ असे केले जाते. ‘सरकारने घटनेला मान्यता दिली’ हे वाक्य वाचून मराठी वाचकाच्या मनात राज्यघटना येईल, मका येणार नाही.

आता आपले पाच शब्द. ‘पारजनुकीय’ हा त्यांत सर्वांत नेमका आहे, कारण एका जातीचे जनुक दुसऱ्या जातीत आणले आहे एवढेच तो सांगतो. बीटी मका हे त्याचे सरळ उदाहरण : बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे जनुक मक्यात येते आणि मका ठरावीक किडींना मारक असे प्रथिन स्वतःच तयार करतो. हवाईमधील पपई वलयविषाणूने उद्ध्वस्त होत असताना 1998 मध्ये लागवडीस आलेला ‘रेनबो’ हा वाणही पारजनुकीयच, कारण त्याच विषाणूच्या आवरणाचे जनुक पपईत घातल्यामुळे झाडाला प्रतिकारशक्ती मिळाली. पण 1994 मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेला ‘फ्लेव्हर सेव्हर’ टोमॅटो घ्या. त्याचा हेतू टोमॅटोचेच एक जनुक दडपण्याचा होता, जेणेकरून फळ लवकर मऊ पडू नये. परकीय म्हणावे असे त्यात होते ते मुख्यतः खुणेसाठी वापरलेले जिवाणूचे जनुक. तोही तांत्रिकदृष्ट्या पारजनुकीय ठरतो; मात्र शब्द ऐकून वाचक ज्याची कल्पना करतो, ते त्यात नव्हते.

‘जनुकसंपादित’ हा वेगळाच प्रकार आहे. 2012 मध्ये पुढे आलेल्या क्रिस्पर तंत्राने वनस्पतीच्या स्वतःच्या डीएनएत ठरवलेल्या जागी काप देऊन लहानसा बदल करता येतो आणि अंतिम रोपात परकीय जनुक उरेलच असे नाही. जपानमध्ये 2021 पासून विकला जाणारा, गाबा या अमिनो आम्लाचे प्रमाण वाढवलेला टोमॅटो या प्रकारचा आहे. त्याला पारजनुकीय म्हणणे चूक आहे. तो ‘जनुकीय परिवर्तित’ आहे का, हा प्रश्न मात्र भाषेचा राहत नाही, कायद्याचा होतो : युरोपीय न्यायालयाने जुलै 2018 मध्ये अशा संपादित पिकांनाही जनुकीय परिवर्तित सजीवांचेच नियम लागू होतात असा निर्णय दिला, तर इतर काही देशांनी त्यांना त्या चौकटीबाहेर ठेवले. म्हणजे आपल्या लेखकाने शैलीसाठी केलेली अदलाबदल एखाद्या वस्तूला एका कायद्यातून काढून दुसऱ्यात टाकू शकते.

आणि ‘परिवर्तित’ हा शब्द स्वतः किती व्यापक आहे, ते पाहा. किरणोत्सर्गाने बियाण्यांत उत्परिवर्तने घडवून निवडलेले वाण गेल्या शतकापासून जगभर खाल्ले जात आहेत. गडद लाल गराची काही ग्रेपफ्रूट त्यांतलीच. त्यांच्या जनुकांत बदल झाला आहे, तोही कोठे झाला हे न ठरवता, तरी व्यवहारात त्यांना कोणी जीएम म्हणत नाही. उलट, आपण पिढ्यान्‌पिढ्या खात असलेल्या रताळ्यात अॅग्रोबॅक्टेरियमची जनुके निसर्गतःच शिरलेली आहेत, असे 2015 मध्ये आढळले. रताळे पारजनुकीय म्हणावे का? जीवशास्त्राच्या अर्थाने होय. युरोपीय व्याख्येनुसार नाही, कारण ती व्याख्या ‘नैसर्गिक संकराने किंवा पुनःसंयोगाने न होणारा बदल’ असे म्हणते; ती बदलाच्या रीतीकडे पाहते, बदलाकडे नव्हे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे : ‘सुधारित’ नको. मराठीत या शब्दाचे दोन अर्थ नांदतात. ‘सुधारित वेळापत्रक’ म्हणजे बदललेले वेळापत्रक, ते अधिक गैरसोयीचेही असू शकते. पण ‘सुधारित बियाणे’ म्हणजे अधिक चांगले बियाणे. शेती आणि अन्न यांच्या संदर्भात दुसराच अर्थ मनात उमटतो. मूळ इंग्रजी शब्दात गुणवत्तेचा असा निवाडा नाही.

प्रतिसाद २

वरील विवेचन उद्बोधक आहे, तरी एक हरकत नोंदवतो. ‘जनुकसुधारित’ हा शब्द वृत्तपत्रांतून आता रुळला आहे. रूढी हेच भाषेत अखेरचे प्रमाण असते, आणि रूढ शब्दाचा व्युत्पत्तीचा अर्थ वाचकाच्या मनात फार काळ टिकत नाही. ‘परिवर्तित’ हा शब्द जड आहे. पर्याय हवाच असेल तर ‘जनुकीय फेरफार केलेले’ असे सोपे मराठी का वापरू नये? शिवाय आपण फायद्याकडे झुकणाऱ्या शब्दाची चिकित्सा केलीत. ‘धोका’ आणि ‘विष’ हे शब्द याच मजकुरांत किती सैलपणे येतात, त्याविषयीही लिहावे.

प्रतिसाद १ कडून उत्तर

रूढीचा मुद्दा मला मान्य आहे, पण रूढ शब्दाचा अर्थ वादाच्या विषयात झोपी जात नाही. पक्षधर तो रोज जागा करतात. ‘फेरफार’ला माझी हरकत नेमकी उलट दिशेची आहे. जमिनीच्या नोंदीतला फेरफार निर्दोष असतो, परंतु ‘कागदपत्रांत फेरफार’ किंवा ‘पुराव्यात फेरफार’ म्हटले की लबाडीचा वास येतो. इंग्रजीतही 1992 मध्ये वृत्तपत्राला लिहिलेल्या एका पत्रातून ‘फ्रँकनफूड’ हा शब्द आला आणि पुढची अनेक वर्षे त्या एका शब्दाने युक्तिवादाची जागा घेतली. मी ‘जनुकबदल केलेले’ असे लिहितो. ते जड नाही आणि निवाडाही करत नाही.

‘धोका’ या शब्दाविषयीची आपली सूचना मोलाची आहे. ‘धोका’ आणि ‘जोखीम’ यांत फरक राखायला हवा. अपाय करण्याची क्षमता म्हणजे धोका. तो अपाय प्रत्यक्ष घडण्याची शक्यता आणि त्याची तीव्रता यांचा हिशेब म्हणजे जोखीम. सोयाबीनमधील प्रथिनांचा दर्जा वाढवण्यासाठी ब्राझील नटचे एक जनुक त्यात घातले गेले होते. त्या नटची अॅलर्जी असलेल्या लोकांच्या रक्तद्रवावर चाचणी केली असता नवे सोयाबीनही अॅलर्जी उत्पन्न करू शकते असे दिसले. हे निष्कर्ष 1996 मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते सोयाबीन बाजारात आलेच नाही. येथे धोका खरा होता, आणि तो वेळीच ओळखला गेल्यामुळे खाणाऱ्याची जोखीम शून्य राहिली. हे एकच उदाहरण ‘सर्व जीएम अन्न घातक’ म्हणणारे एका अर्थाने वापरतात आणि ‘व्यवस्था उत्तम आहे’ म्हणणारे दुसऱ्या. दोन शब्द वेगळे ठेवले तर दोघांच्याही वाक्यातील कमी-जास्त लगेच दिसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 2016 च्या अहवालात, बाजारात असलेल्या या पिकांचे अन्न पारंपरिक पिकांच्या अन्नापेक्षा आरोग्याला अधिक अपायकारक असल्याचा सबळ पुरावा मिळाला नाही, असे म्हटले. हे विधान उपलब्ध पिकांविषयी आहे, तंत्राने पुढे जे काही निर्माण होईल त्या सगळ्याविषयी नाही. मराठीत ते ‘जीएम अन्न सुरक्षित असल्याचे सिद्ध’ असे होऊन येते, हे मला योग्य वाटत नाही.

‘विष’ या शब्दाचेही तसेच. बीटी प्रथिन किडीच्या आम्लारी आतड्यात सक्रिय होते आणि तेथील विशिष्ट ग्राहींना (पेशींवरील ठरावीक रेणूंना) चिकटते. माणसाच्या जठरात आम्ल असते आणि त्या ग्राही माणसात नसतात. म्हणून कोणासाठी विष, हे न सांगता ‘विष’ लिहू नये.

जाता जाता आणखी तीन शब्द. ‘तणनाशकरोधक पीक’ म्हणजे तणनाशकाला अडवणारे पीक असे वाटते; ‘तणनाशकसहनशील’ लिहावे. ‘महातण’ (तणनाशकाला न जुमानणारे तण) हा शब्द वाचून पिकाचे जनुक तणात शिरले असा समज होतो. तसा जनुकप्रवाह जवळच्या रानटी नातलगांत होऊ शकतो आणि त्याची काळजी करणे रास्तच आहे, पण ग्लायफोसेट या तणनाशकाला न जुमानणारी बहुतेक तणे वर्षानुवर्षे तेच एक रसायन फवारल्याने निवडली गेली आहेत. ही जोखीम ताटातली नाही, शेतातली आहे, आणि ती गंभीर आहे. तिसरा शब्द ‘अ जीवनसत्त्वयुक्त’ : 2000 मध्ये जाहीर झालेल्या, जनुकबदल केलेल्या सोनेरी तांदळाच्या दाण्यात अ जीवनसत्त्व नसते, बीटा-कॅरोटीन असते, आणि त्याचे जीवनसत्त्व आपले शरीर करते. या तांदळाच्या लाभाविषयी ज्यांना खरी आस्था आहे, त्यांनी तर हा शब्द अधिकच काळजीने वापरावा.

प्रश्नकर्त्याकडून

दोघांचेही मनापासून आभार. आपले प्रतिसाद समोर ठेवून मजकूर पुन्हा वाचला. ‘पारजनुकीय’ आणि ‘जनुकसंपादित’ हे शब्द त्या त्या पिकांपुरते ठेवले आहेत, आणि बाकी ठिकाणी ‘जनुकबदल केलेले’ असे केले आहे. एका वाक्याने मात्र नवा पेच उभा केला : ‘जनुकसुधारित तेल’. शुद्ध केलेल्या सोयातेलात डीएनए किंवा प्रथिन जवळजवळ उरत नाही, मग जनुकबदल तेलात कसा? युरोपात असे तेल लेबलावर जाहीर करावे लागते, कारण तेथे उगम पाहिला जातो. अमेरिकेच्या 2022 पासून सक्तीच्या झालेल्या नियमांत बदललेले जनुकीय द्रव्य आढळण्याजोगे नसेल तर ते बंधन ठेवलेले नव्हते. मी तेथे ‘जनुकबदल केलेल्या सोयाबीनपासून काढलेले तेल’ असे लिहिले आहे. वाक्य लांबले, पण ते दोन्हीकडच्या वाचकाला खरे वाटेल. ‘इव्हेंट’ अजून तसाच ठेवला आहे. ‘रुजवण’ हा शब्द सुचतो आहे. कोणाला त्याहून नेमका सुचल्यास अवश्य कळवावा.