अर्ध्या तिकिटाचं वय

खोटं बोलल्यावर एकदा कडक शिक्षा केली की मूल सुधारतं, असं बरेच जण म्हणतात; मला ते पटत नाही. धाकानं पोरं शिकतात ती पकडलं न जाण्याची कला.

घरचंच सांगते. एसटीत 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. लेकाला तेरावं लागून दोन महिने झाले होते, पण चणीनं बारीक. कंडक्टरनं विचारलं, "ताई, पोरगा केवढा?" मी सवयीनं "अकरा" म्हणून मोकळी. (माझं स्वतःचं तिकीट 2023 पासून तसंही अर्धंच, तरी हाव सुटत नाही!) लेक खिडकीबाहेर बघत राहिला. उतरल्यावर म्हणाला, "आई, म्हणजे मी परत सहावीत का?" काय बोलणार? चूक झाली म्हटलं, आणि येताना त्याच्यादेखत पूर्ण तिकीट मागितलं.

गांधीजींनी पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातलं सोनं चोरलं, मग आजारी वडिलांना चिठ्ठी लिहून कबुली दिली, शिक्षाही मागितली. वडिलांनी डोळ्यांत पाणी आणून चिठ्ठी फाडून टाकली, बस्स. मारलं असतं तर पुढची चिठ्ठी आली असती का, कोण जाणे.

आता माझा मुलगा कधीच थापा मारत नाही असं अजिबात नाही. परवाच गणिताच्या चाचणीचा पेपर दप्तराच्या तळाशी चुरगळलेला सापडला. 20 पैकी 6. पण विचारल्यावर "हरवला" न म्हणता "लपवला होता" म्हणाला.