विषय: आई-बाबांसह व्हिएन्ना आणि तेथून एका दिवसाची सहल

सप्रेम नमस्कार मंडळी,

माझे आई-वडील सांगलीहून एप्रिलच्या मध्यास आमच्याकडे येत आहेत. १ मे शुक्रवारी येत असल्याने त्याला जोडून रजा घेऊन आम्ही पाचजणांनी व्हिएन्नाला जायचे ठरवले आहे. रेल्वेची तिकिटे काढली आहेत. शुक्रवारी दुपारी पोहोचू आणि मंगळवारी दुपारी निघू. बाबा पंचाहत्तरीचे असले तरी उत्साही आहेत. आईच्या गुडघ्यांना मात्र चढ आणि जिने झेपत नाहीत. शिवाय ती शाकाहारी आहे, केकमधले अंडे तेवढे चालते. मुलगी दहा वर्षांची आहे. कोणीतरी पाठवलेली हालश्टाटची छायाचित्रे पाहिल्यापासून ते तळ्याकाठचे गाव पाहायचेच, असे बाबांनी मनात घेतले आहे. स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा आणि डॅन्यूब नदीचे वाखाऊ खोरेही एकेका दिवसात पाहून होते, असे वाचनात येते. या तीन सहली आणि व्हिएन्ना असे सगळे जमेल का, आणि जमणार नसेल तर काय सोडावे, हे तिकडे राहणाऱ्यांनी कृपया सांगावे.

आपला,
आ. कु., म्युनिक

---

श्री. आ. कु. यांस नमस्कार.

तीन सहली आणि व्हिएन्ना हे चार रात्रींत बसणार नाही, आणि ओढूनताणून बसवले तर आई-बाबांना शहरापेक्षा रेल्वेचे डबेच अधिक आठवतील. सहल एकच करावी, ती सोमवारी करावी आणि ती वाखाऊची असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी हालश्टाटविषयी लिहिते, कारण बाबांना नकार तुम्हालाच द्यायचा आहे. व्हिएन्नाहून आटनांग-पुखहाइमला गाडी बदलून तिथे पोहोचायला साडेतीन तासांच्या आसपास लागतात. स्थानक तळ्याच्या पलीकडच्या काठावर असल्यामुळे पुढे बोटीने गावात जावे लागते. परतीचा वेळ तेवढाच धरला, तर सात तास प्रवासात जातात आणि हाती उरतात ते तीन-चार तास नेमके भर दुपारचे, म्हणजे बसगाड्या भरभरून पर्यटक आलेले असतानाचे. साडेसातशेच्या आसपास वस्तीच्या त्या गावात तेव्हा उभे राहायलाही जागा नसते. पण नकाशा पाहिलात तर दिसेल, की हालश्टाट तुम्हाला म्युनिकहून साल्झबुर्गमार्गे अधिक सोयीचे आहे. आई-बाबा जूनमध्येही तुमच्याकडे असतील, तर एखाद्या शनिवार-रविवारी बाड इश्लला मुक्काम करा आणि सकाळी पहिल्या गाड्यांपैकी एखाद्या गाडीने पुढे जा. छायाचित्रातले तळे पाहायचे असेल तर ते त्या वेळीच.

व्हिएन्नात वार पाहून बेत आखावा लागतो. तुम्ही येता तो १ मे कामगार दिनाचा. सकाळी रिंग मार्गावरून मिरवणूक निघते आणि ट्राम वळवलेल्या असतात. तुम्ही पोहोचेपर्यंत हे सहसा आटोपलेले असते. दुकाने मात्र शुक्रवारी सुट्टीमुळे आणि पुन्हा रविवारी बंद असतात, त्यामुळे दूध, दही, फळे शनिवारीच घेऊन ठेवावीत. अडचण आली तर मोठ्या रेल्वे स्थानकांतील दुकाने उघडी सापडतात. सम्राट फ्रान्झ योसेफने १८५७ साली शहराची तटबंदी पाडण्याचा आदेश दिला आणि त्या जागी झालेल्या रिंग मार्गाचे उद्घाटन झाले तेही १ मेलाच, १८६५ साली. संध्याकाळी १ आणि २ क्रमांकांच्या ट्रामने त्यावरून फिरावे, म्हणजे ऑपेरा, संसद, नगरभवन आणि विद्यापीठ आईला एकही पायरी न चढता पाहता येईल. रस्त्याच्या कामांमुळे मार्ग बदलत असतात, तेव्हा त्या दिवशीचा मार्ग पाहून घ्यावा. १५ वर्षांखालील मुलांना रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी शहरातील प्रवास मोफत आहे. मुलीचे वय दाखवणारे ओळखपत्र जवळ असू द्यावे.

शनिवारी शोनब्रुन. राजवाड्यात १,४४१ खोल्या आहेत आणि त्यांपैकी चाळीसएक पाहता येतात, त्या पुरेशा आहेत. तिकीट वेळेसह आधीच घ्यावे आणि सकाळची पहिली वेळ निवडावी. १७६२ साली सहा वर्षांचा मोत्सार्ट इथे सम्राज्ञी मारिया थेरेसासमोर वाजवून गेला, हे मुलीला आवर्जून सांगा. खोल्यांच्या सजावटीपेक्षा मुलांना ते अधिक भावते. बाग मोफत आहे. टेकडीवरच्या ग्लोरिएट या मंडपापर्यंतचा चढ आईने चढू नये, बागेतून हंगामात फिरणारी छोटी पर्यटक-गाडी तिथवर जाते. १७५२ पासून चालू असलेले प्राणिसंग्रहालयही याच आवारात आहे, पण राजवाडा आणि ते एकाच दिवशी पाचही जणांनी पाहणे हा अट्टहास ठरेल.

रविवार संग्रहालयांचा ठेवा, कारण समोरासमोर उभ्या असलेल्या दोन जुळ्या इमारतींपैकी कलासंग्रहालय मे महिन्यात सोमवारी बंद असते, तर निसर्गविज्ञान संग्रहालय मंगळवारी. एकोणीस वर्षांखालील सर्वांना या दोन्हींत प्रवेश मोफत आहे. कलासंग्रहालयात सर्व दालने फिरू नका, थेट चित्रकार ब्रूगेलच्या दालनात जाऊन बसा. त्याची बारा चित्रे इथे आहेत, जगात इतरत्र एका ठिकाणी एवढी नाहीत. बर्फातून परतणारे शिकारी आणि बाबेलचा मनोरा ही त्यांतलीच. समोरच्या इमारतीत जेमतेम ११ सेंटिमीटर उंचीची, सुमारे ३० हजार वर्षांपूर्वीची चुनखडीची स्त्रीमूर्ती आहे. वाखाऊतून रेल्वे टाकताना १९०८ साली ती विलेनडोर्फ गावी सापडली. दुसऱ्या दिवशी तुमची बोट त्याच गावावरून जाईल, म्हणून हा क्रम.

वाखाऊसाठी सकाळी रेल्वेने मेल्कला जावे. तास-सव्वा तास लागतो. तिथला ख्रिस्ती मठ खडकावर आहे आणि गावातून चढ आहे, तेव्हा स्थानकावरून टॅक्सी करावी. १०८९ पासून तिथे बेनेडिक्टाइन पंथाचे साधू आहेत. आजची पिवळी वास्तू अठराव्या शतकातली, याकोब प्रांटाउअरने रचलेली. ग्रंथालय चुकवू नये. तिथून क्रेम्सपर्यंत बोट घ्यावी. हा प्रवाहाबरोबरचा प्रवास पावणेदोन तासांत होतो, उलट दिशेने जवळजवळ तीन तास लागतात, म्हणून मेल्कहून सुरुवात. दोन्ही काठांवर दगडी बांध घातलेले द्राक्षमळे पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जातात. ड्यूर्नश्टाइनच्या वरच्या पडक्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ च्या हिवाळ्यात कैदेत होता आणि त्याच्या खंडणीच्या पैशांतून ऑस्ट्रियाच्या ड्यूकने वीनर नॉयश्टाट हे शहर वसवले. किल्ला बोटीतूनच पाहावा. क्रेम्सहून रेल्वेने परत यावे. रेल्वे, बोट आणि मठ यांचे एकत्रित तिकीट मिळते.

मंगळवारी सामान ठेवून सेंट स्टीफनचे चर्च. दक्षिण मनोऱ्याच्या ३४३ पायऱ्या बाबांनाही चढू देऊ नका. उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे आणि पुम्मेरिन नावाची प्रचंड घंटाही तिथेच आहे. मूळ घंटा १६८३ साली तुर्कांनी शहराला घातलेल्या वेढ्यानंतर त्यांच्याकडून हाती लागलेल्या तोफा वितळवून १७११ साली ओतली होती. १९४५ च्या आगीत ती फुटली आणि तिच्याच धातूतून आजची घडवली गेली. १६८३ म्हणजे आपल्याकडे शंभूराजांची कारकीर्द, हे बाबांना सांगायला नकोच.

खाण्याविषयी एकच सावधगिरी. फ्रिटाटेनझुप्पे या सूपमध्ये धिरड्याच्या पट्ट्या असतात आणि ते दिसायला शाकाहारी वाटते, पण त्याचा पातळ भाग बहुधा गोमांसाचा अर्क असतो. विचारल्याशिवाय कोणतेही सूप आईला देऊ नये. पाणी विकत घेऊ नका. १८७३ पासून आल्प्समधल्या झऱ्यांचे पाणी नळाला येते आणि ते उत्तम आहे.

आपली,
सु. जो., व्हिएन्ना

---

नमस्कार मंडळी,

ताईंनी लिहिलेले बहुतेक सर्व मान्य आहे, पण ब्रातिस्लाव्हाचा त्यांनी उल्लेखही केला नाही, हे मला पटलेले नाही. मेच्या आरंभी वाखाऊत जर्दाळूचा बहर ओसरलेला असतो आणि फळ जुलैत येते. पाऊस लागला तर बोटीच्या काचेतून धुके पाहण्याखेरीज काही उरत नाही. ब्रातिस्लाव्हा रेल्वेने तासाभरावर आहे, जुने शहर बहुतांशी सपाट आहे आणि चलन युरोच आहे. १५६३ ते १८३० हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक तिथल्या सेंट मार्टिनच्या चर्चमध्ये होत असत. शोनब्रुनमध्ये जिच्याविषयी ऐकाल त्या मारिया थेरेसाचा अभिषेकही १७४१ साली इथलाच. वेळ उरला तर बसने देव्हीनला जावे. डॅन्यूब आणि मोराव्हा यांच्या संगमावरचा हा किल्ला नेपोलियनच्या सैन्याने १८०९ साली उडवला. पुढे शीतयुद्धात हीच मोराव्हा नदी सीमा होती आणि ती ओलांडताना मारल्या गेलेल्यांचे स्मारक काठावर आहे. आईंसाठी ब्रिन्झोव्हे हालुश्की, म्हणजे मेंढीच्या चीजमधले बटाट्याचे गोळे, चांगले. मात्र वर घातलेले डुकराचे मांस नको, असे मागवतानाच सांगावे लागते.

आपला,
मो. प., ग्राट्स

---

ताई आणि मो. प., दोघांचेही मनःपूर्वक आभार.

सोमवारी वाखाऊ आणि पावसाचा अंदाज असेल तर ब्रातिस्लाव्हा, असे ठरवले आहे. हालश्टाट जूनवर गेल्याचे बाबांनी थोड्या कुरकुरीनंतर मान्य केले. एकच शंका उरते: दोघांचा शेंगेन व्हिसा जर्मनीच्या वकिलातीने दिलेला आहे, तो स्लोव्हाकियात चालेल ना?

आ. कु.

---

चालेल. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकिया दोन्ही शेंगेनमध्ये आहेत, आणि तुमचा मुख्य मुक्काम जर्मनीतच असल्याने त्यात काही गैर नाही. व्हिसावर प्रवेशाची संख्या एक लिहिलेली असली तरी शेंगेनच्या आतला प्रवास त्यात मोजला जात नाही. पासपोर्ट मात्र एका दिवसाच्या सहलीलाही सर्वांनी बरोबर ठेवावेत, छायाप्रतीवर भागत नाही. परतीच्या प्रवासात जर्मन पोलीस सीमेजवळ गाडीत तपासणी करतात, तेव्हा ते वरच्या सामानात न ठेवता हाताशी ठेवा. बोटीचे वेळापत्रक मात्र तिकिटापूर्वी एकदा पाहून घ्या, कारण दिवसाच्या फेऱ्या मोजक्याच असतात आणि मठ नीट पाहायचा तर दुपारची फेरीच धरावी लागेल.

सु. जो.